भाईच्या धुराला मोगऱ्याचा वास

आमची नायगावची चाळ अजून पाडायची बाकी आहे, तोवर गणपतीतलं मुलींचं नाटक काही चुकत नाही. यंदा माझ्या नववीतल्या लेकीला भाईचं काम मिळालं आणि घरात उच्छाद सुरू झाला. काळा शर्ट हवा, गॉगल हवा, सिगारेट हवी. मोबाइलवरच्या सिरीजमध्ये एकही भाई धुराशिवाय तोंड उघडत नाही, असं तिचं म्हणणं. खाली 'हानिकारक'ची पट्टी येते ना, असं मी म्हटलं, तर म्हणे पट्टी कोण वाचतं, सगळे त्याचा चेहरा बघतात.

खरं सांगते, मी हादरले. तिच्या शाळेच्या वाटेवरच्या टपरीत गोळ्यांच्या बरणीला खेटून रंगीत पाकिटं मांडलेली असतात. त्यातलं एक पुदिन्याच्या वासाचं, हे तिला माझ्याआधी ठाऊक.

"एकच आण ना गं आई. पेटवणार नाही, नुसती तोंडात धरते."

आज तोंडात धरील, उद्या पेटवील. पण साफ नाही म्हटलं तर बया मुद्दाम करणार, शेवटी माझीच मुलगी. म्हणून मी देवापुढची अगरबत्ती मोडली, पांढऱ्या कागदात गुंडाळली आणि बुडाला चहाचा रंग दिला. ओढायची नाही, टोक पेटवून नुसती बोटांत धरून मिरवायची. आरशापुढे स्वारी खूश.

नाटकात भाई काय रुबाबात आला म्हणून सांगू! मान तिरकी, धूर वर, पटांगण चिडीचूप. कार्टी खरंच भारी दिसत होती, आणि मला तीच तर भीती होती. तेवढ्यात मोगऱ्याचा वास पसरला आणि पहिल्या रांगेत डुलक्या घेणाऱ्या माझ्या सासूबाई दचकून उठल्या.

"आरती सुरू झाली गो," म्हणत त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

मागच्या बायका सवयीने उभ्या राहिल्या, आजोबा लोकांनी चपला काढल्या, कुणीतरी झांजाही घेतल्या. भाईचा दरारा गेला उडत. भाई आधी चिडला, मग हसत सुटला आणि शेवटी गॉगल काढून निमूट हात जोडून उभा राहिला. हसून हसून माझी पुरती वाट लागली.

परवा जेवताना ती पुन्हा तीच सिरीज बघत होती. पडद्यावरच्या भाईने सावकाश धूर सोडला आणि ही फस्सकन हसली. काय झालं म्हणून मी विचारलं.

"आई, हा धूर सोडायला लागला ना, की वाटतं आता आजी उठणार."