ओलेत्याने नऊ दिवस

हर्षालीला खाज सुटली आणि सातपूरच्या त्या दोन खोल्यांत सगळेच डॉक्टर झाले. सासू बयाबाई स्वतःसाठी उभ्या जन्मात दवाखान्याची पायरी चढली नव्हती, पण सुनेच्या अंगावरून दह्यासारखं पांढरं जातंय म्हटल्यावर हिचं निदान कसं, चुटकीसरशी! "वणीच्या आईचा कोप हाय. नवरात्रात घटापुढं नऊ दिवस ओलेत्यानं उभी राहा. आन् उपास कडक धर."

हर्षाली वर्कशॉपमध्ये सुटे भाग तपासायची. आठ तास अंगात तो घट्ट पॉलिस्टरचा युनिफॉर्म, आत घामाची चिकचिक. चार महिन्यांपूर्वी दाढेसाठी अँटिबायोटिकच्या गोळ्या झाल्या आणि हे सुरू झालं. पण दाढेचा नि त्या जागेचा संबंध लावायला अक्कल लागते, आणि त्या घरात तिचाच दुष्काळ.

तर रोज पहाटे तुरटीच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायचं आणि ओलं लुगडं नेसून तासभर हात जोडायचे. उपासाला साबुदाणा, खजूर, राजगिऱ्याचे लाडू आणि पाक झालेला चहा. घसा सारखा कोरडा पडायचा, लघवीला सारखं जावं लागायचं. पाचव्या दिवशी कातडी फाटली, चालवेना. नवरा रविराज गाडी पुसत हे सगळं बघायचा. कंपनीच्या गेटवर ह्याचा आवाज सगळ्यांत मोठा, घरात मात्र दातखीळ.

दसऱ्याला बयाबाईने निकाल दिला, "आईनं बी ऐकलं नाय. बाईच्यातच खोट हाय."

आता रविराजला कंठ फुटला. "असलं काही आपोआप होत नसतं. बाहेरून येतं. दिवाळीआधी येवल्याला सोडतो तुला. वेदिका इथंच राहील."

वेदिका त्यांची आठ वर्षांची मुलगी. हा ठपका घेऊन माहेरी गेलं की पोरगी पुन्हा दिसायची नाही, हे हर्षालीला पक्कं ठाऊक होतं. "आधी दवाखाना," ती म्हणाली, "मग कुठंही सोडा." रविराज लगेच तयार झाला. बायकोची काळजी कसली डोंबलाची! त्याला डॉक्टरच्या तोंडून पुरावा हवा होता.

डॉक्टर मालिनीताईंनी हर्षालीकडून सगळं ऐकून घेतलं, तपासलं, बोटातून रक्त घेतलं. "बुरशी आहे. साखर दोनशे ऐंशी. साखर वाढली की ही फोफावते. त्यात ओले कपडे, आतून धुणं, हे गोड उपास! कुणाच्या चारित्र्याशी काही संबंध नाही." मग सहज रविराजकडे वळल्या. "तुम्हाला खाज वगैरे? जोडीदाराला होते कधीकधी."

रविराज फरशी बघायला लागला. "होती थोडी. दोन महिने... मेडिकलमधून बुरशीची ट्यूब आणली. बरं वाटलं."

हर्षालीला आधी कळेचना. मग कळलं.

"मी ओलेती उभी होते, तेव्हा ती ट्यूब कुठं होती?"

"गाडीच्या डिकीत."

शी! ह्या माणसाला ती दहा वर्षं अहो-जाहो करत आली होती.

ती उठली, बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तो मागोमाग आला. "चल घरी."

"आईंना फोन लाव. माझ्यासमोर. डिकीत काय होतं ते तुझ्या तोंडानं सांग. तोवर मी हलत नाही."

बाकावरच्या चार बायका वळून बघायला लागल्या. गेटवरचा वाघ फोन हातात धरून उभा होता. पलीकडून बयाबाई ओरडत होती, "हॅलो? काय म्हनली डॉक्टरीन? बोल की रे!"