खिळ्यावरचा पुठ्ठा

वहिनी डूख धरते हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या रंगाऱ्यानं एकदा तिची हातोडी न विचारता नेली, तर दोन वर्षं झाली तरी ती त्याच्याशी बोलत नव्हती, आणि रंगारी बिचारा रोज दारावरून जात होता. त्यामुळे तिनं घडवलेलं गाडीचं बॉनेट दिरानं स्वतःच्या नावावर खपवलं, तेव्हा लोक म्हणाले, आता याचं काही खरं नाही. दिराला मात्र तसं वाटलं नाही. वहिनीनंच त्याला लहानाचा मोठा केलेला, पत्र्याची कातरीही तिनंच पहिल्यांदा त्याच्या हातात दिलेली. ती आपलं काय वाकडं करणार, असा त्याचा समज होता.

वहिनी गाड्यांचा चेपलेला पत्रा सरळ करायची. नवऱ्याबरोबर वीस वर्षं तेच केलं. नवरा गेल्यावर त्याच वर्कशॉपमध्ये दिराबरोबर करत राहिली. तिथं दातांची एक डॉक्टरीण आपली लाल गाडी घेऊन यायची. सहा दिवस लोकांचे दात उपटायचे आणि सातव्या दिवशी घाटाच्या शर्यतीत गाडी उडवायची, असा तिचा नेम. गाडीचं इंजिन जबरदस्त होतं, पण निम्म्या चढावर उकळायचं. मोठा रेडिएटर बसवला, दोन पंखे लावले, तरी काटा लाल पट्टीत जायचाच.

"आत येणाऱ्या हवेला बाहेर पडायला रस्ता कुठंय?" वहिनी म्हणाली. "गरम हवा बॉनेटखाली ठिय्या देऊन बसलीय."

तिनं पुठ्ठ्यावर माप आखलं आणि बॉनेटमध्ये खाचा पाडल्या, मागच्या बाजूला, पुढच्या काचेला लागून. दिसायला झकास. उभ्या गाडीतून वाफाही छान निघाल्या. घाटात मात्र गाडी आधीपेक्षा जास्त तापली. वहिनी आठ दिवस कुणाशी धड बोलली नाही. नवव्या दिवशी तिनं नवऱ्याचा जुना स्वेटर उसवला, लोकरीचे बोटभर लांबीचे साठ तुकडे केले आणि चिकटपट्टीनं बॉनेटभर चिकटवले. डॉक्टरणीला गाडी पळवायला लावली आणि स्वतः दिराच्या गाडीत बसून शेजारून बघत राहिली.

रेडिएटरच्या थोडं मागे, बॉनेटच्या पुढच्या भागात, धागे उभे राहून नुसते नाचत होते. तिथं वरची हवा पत्रा सोडून उचलली जात होती, म्हणजे तिथं खाच असती तर खालची गरम हवा ओढून घेतली असती. काचेजवळचे धागे खाचांमध्ये तोंड खुपसून बसले होते. समोरून येणारी हवा काचेवर आदळत होती, तिथं तुंबत होती आणि खाचांतून इंजिनावर घुसत होती. आपण बाहेरचं दार म्हणून उघडलं ते आत यायचं दार निघालं, हे वहिनीला कळलं. स्वतःवरच चिडून तिनं दुसरा पुठ्ठा कापला, खाचा पुढे घेतल्या. पुढच्या शर्यतीत डॉक्टरीण पहिली आली.

वर्तमानपत्राचा माणूस आला, तेव्हा दीर पुढे झाला. धुतलेल्या थंडगार बॉनेटवर ऐटीत तळवा टेकून त्यानं फोटो काढून घेतला. "कल्पना माझीच," म्हणाला. कुणीतरी लोकरीचं विचारलं, तर म्हणाला, "ते होय! वहिनीला विणकामाची हौस आहे." सगळे हसले. डॉक्टरीणही हसली. वहिनी तिथंच उभी होती, हाताला चिकटपट्टीचे तुकडे तसेच. तिच्या अंगाची लाहीलाही झाली. ते तुकडे ती एकेक करून सोलत राहिली.

महिन्याभरात दीर म्हणाला, "वहिनी, तू दमलीस. घरी बस आता." वर्कशॉप कागदोपत्री त्याच्याच नावावर होतं. वहिनीनं आपल्या हातोड्या गोळा केल्या. दोन्ही पुठ्ठे दिसायला सारखे होते. बरोबरचा तिनं पिशवीत घातला आणि चुकीचा परत भिंतीवरच्या खिळ्याला टांगला.

"आणि बॉनेटचा पुठ्ठा?" दिरानं विचारलं.

"खिळ्याला आहे."

ते बॉनेट माझं होतं हे तुझ्याच तोंडून, चार माणसांत वदवून घेईन, असं ती मनाशी म्हणाली आणि पायरी उतरली.

पण नशीब बघा. दोन वर्षं काही झालंच नाही! दिरानं त्या पुठ्ठ्यावरून चाळीस बॉनेटं कापली आणि एकही गाडी उकळली नाही. त्याची गिऱ्हाइकं सगळी मिरवणारी. चहाच्या दुकानासमोरून बैलगाडीच्या वेगानं फेऱ्या मारायच्या, यापलीकडे त्यांना कुठं जायचंच नव्हतं. तेवढ्या वेगात काचेजवळची खाचही वाफ बाहेर सोडते. दिराचं नाव गाजत राहिलं. वहिनी बसच्या आगारात बसचे पत्रे ठोकायला लागली आणि तिच्या हातोडीचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येई.

मग एक दिवस रंगाऱ्यानं भीत भीत तिला गाठलं. "डॉक्टरणीनं नवीन गाडी घेतलीय. बॉनेट तुमच्या दिरानंच केलंय. रविवारी घाट आहे."

"चहा घेणार का?" वहिनी म्हणाली. चार वर्षांचा अबोला तिथंच संपला.

रविवारी ती घाटाच्या पायथ्याशी हजर झाली. पिशवीत कातरी, चिकटपट्टी आणि बरोबरचा पुठ्ठा. डॉक्टरणीला आधीच सांगावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिला ते हसणं आठवलं आणि ती कठड्यावर जाऊन बसली.

सरावाच्या पहिल्या फेरीत काटा लाल पट्टीत गेला. दिरानं पंखा तपासला, कूलंट बदललं, उगाच दोन नळ्या आवळल्या. दुसऱ्या फेरीत गाडी निम्म्यातूनच वाफा सोडत परत आली. डॉक्टरीण हेल्मेट काढून त्याच्यासमोर उभी राहिली. गाड्यावाले, मेकॅनिक, बघे, सगळे गोळा झाले.

"मागच्या वेळचं तूच केलं होतंस म्हणालास ना? मग आता काय केलंस हे?"

इकडेतिकडे बघताना दिराला कठड्यावरची वहिनी दिसली, तिच्या मांडीवरची पिशवी दिसली, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"मी नाही केलं!" तो ओरडला. "पुठ्ठा वहिनीचा आहे! तिनंच कापलाय!"

वहिनी उठून गर्दीत आली. या एका वाक्यासाठी तिनं दोन वर्षं काढली होती. "पुन्हा सांग. कुणाचा?"

"तुझा."

"आणि आधीचं बॉनेट? जिंकलेलं?"

आता मागे फिरायची सोय नव्हती. "तेही तुझंच," तो मान खाली घालून म्हणाला. "लोकर, खाचा, सगळं तुझंच. मला यातलं काही कळत नाही."

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. वहिनीला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

डॉक्टरीण मात्र तिच्याकडे रोखून बघत होती. "खाचा चुकीच्या जागी आहेत हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"माझं इंजिन जळलं असतं तर?"

"त्या दिवशी तुम्हीही हसला होतात," एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरणीनं घड्याळ बघितलं. "शेवटच्या फेरीपर्यंत नीट होईल?"

"यानं पत्रा धरला तर होईल."

दिरानं निमूटपणे बॉनेट धरून ठेवलं. वहिनीनं पुढे खाचा पाडल्या आणि मागच्यांवर पत्र्याचे तुकडे चिकटपट्टीनं घट्ट बसवले. "हलवू नकोस" एवढेच शब्द ती त्याच्याशी बोलली, पण ते पंधरा वेळा.

शेवटच्या फेरीत गाडी एका दमात वर गेली. खाली परतली तेव्हा काटा जागच्या जागी होता आणि खाचांतून झळा उसळत होत्या. वर्तमानपत्राचा तोच माणूस कॅमेरा घेऊन धावला. आणि दिराची सवय ती! मघाचं सगळं विसरून तो पुढे झाला आणि बॉनेटवर हात टेकायला गेला. तो हात नेमका कुठं पडणार हे वहिनीला दिसत होतं. तोंड उघडायला वेळही होता. तिनं ते घट्ट मिटून घेतलं.

दीर किंचाळून तळवा झटकत मागे झाला.

"तिथून गरम हवा बाहेर पडते," वहिनी वर्तमानपत्रवाल्याला म्हणाली. "लिहून घ्या."