चाळीस पायल्यांची डिग्री

मी दुसरीपर्यंत शिकलो. तेवढ्यावर घर बांधलं, दोन बहिणींची लग्नं केली आणि आजवर कुणाच्या कागदावर जामीन म्हणून सही केली नाही. ही शेवटची गोष्ट मी खैरलांजीच्या बाजारात मुद्दाम सांगत असे, कुणी विचारलं नसलं तरी.

नात बारावी झाली आणि म्हणाली, नागपूरच्या कॉलेजात गुन्हेगारी आणि न्याय यांची डिग्री घेते. चोर का होतो, तपास कसा करतात, जेल कसं चालतं, हे सगळं तिथं तीन वर्षं शिकवतात म्हणे. मी म्हटलं, आमच्या गावच्या कोंबडीचोराला विचार, तो फुकटात सांगेल. ती हसली नाही. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण शेतीची बही, म्हणजे जमिनीचा कागद, माझ्या नावावर, म्हणून जामीन मीच हवा होतो. फॉर्मची तारीख आठ दिवसांवर. माझ्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, बाबा म्हणतील तसं, आणि चप्पल घालून बालाघाटला दुकानात निघून गेला.

नातीनं वहीत हिशेब मांडला होता. मी वही उघडलीच नाही. वहीत आकडे कसेही बसतात. मी म्हटलं, "मले डोयानं दिसलं पाह्यजे. धानानं मोज."

सून म्हणाली, मामाजी, आत्ताच अंगण सारवलं. पण मी ढोलीतून धान काढलंच. ठरलं असं, की एक पायली म्हणजे दहा हजार रुपये. एक रास कर्जाची, एक कमाईची.

कर्ज, व्याजासकट, चाळीस पायल्या. कमाईसाठी नातीनं कटंगीच्या एका मुलीला फोन करून विचारलं होतं. ती हेच शिकून नागपुरात एका कंपनीत लागली होती. खोलीभाडं, खाणंपिणं जाऊन तिच्या हातात वर्षाला जे उरतं, ते पाच वर्षांचं धरलं तर छत्तीस पायल्या. दुसऱ्या एका मुलीलाही विचारलं होतं. ती अजून घरीच, परीक्षांचे फॉर्म भरत. हेही नातीनं स्वतःच सांगितलं, लपवलं नाही. मला ते आवडलं, पण मी दाखवलं नाही.

मोजायला मीच बसलो. माप दुसऱ्याच्या हाती द्यायची आमच्या घरात रीत नाही. चाळीस पायल्या ओतल्या, मग छत्तीस. अंगणात पाहिलं तर कर्जाची रास गाभण म्हशीसारखी आणि कमाईची पारडासारखी.

"पाह्य," मी म्हटलं. "आता सांग."

नातीनं राशीभोवती एक चक्कर मारली, वाकून दोन्ही राशींचा घेर पाहिला. मग माझ्या हातातली पायली घेतली आणि कर्जाची रास पुन्हा मोजायला बसली, प्रत्येक मापावरून हात फिरवून, अगदी सपाट. चाळीस झाल्या तरी रास संपेना. बाजूला पाच पायल्या उरल्या.

"आबाजी, कर्ज शीग लावून मोजलं तुम्ही. अन् माही कमाई सपाट. काहून?"

सून दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी. शेजाऱ्याकडून बियाण्याचं धान उसनं आणलं, तर परत करताना पायलीवर शीग, म्हणजे काठाच्या वर चढलेलं धान, ठेवूनच करायचं. घेताना मात्र सपाट. माझ्या बापानं हेच शिकवलं, आणि उसनं फेडताना आमच्या पायलीवरून कुणाला हात फिरवू दिला नाही. देणं म्हटलं की माझा हात आपोआप शीग धरतो. हे मी नातीला सांगितलं. खरं तर पहिल्या दहा पायल्या सवयीनं भरल्या होत्या. पुढच्या तीस जाणूनबुजून. ते सांगितलं नाही, पण तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की सांगायची गरज नव्हती.

तरी चाळीस आणि छत्तीस. चार पायल्यांचा खड्डा होताच. तो पाहून नातीचं तोंड उतरलं. वहीतही तोच होता, पण वहीत तो एवढा दिसला नसावा. ती हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, आबाजी. तोट्याचाच सौदा आहे."

मला तिचा राग आला. जी पोर माझ्या अंगणात, माझ्याच मापात मला पकडते, ती चार पायल्यांसाठी माघार घेते? मी त्या वेगळ्या पडलेल्या पाच पायल्या उचलल्या आणि तिच्या राशीत ओतल्या.

"हे माही शीग. वर्षाले एक पायली म्या भरीन. आता मोज."

एक्केचाळीस.

"अन् नोकरी नाही लागली तं?" मी विचारलं.

"तं घरी येऊन तुमचं माप तपासत बसीन."

बँकेतल्या साहेबानं शाईची डबी पुढे सरकवली. "दादाजी, यहाँ अंगूठा लगा दीजिए।" मी डबी परत सरकवली आणि सही केली. वेळ लागला. मागे रांग लागली होती, लागू दे. बाजारात सांगायची माझी एक गोष्ट त्या दिवशी संपली.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या एका पायलीचे दहा हजार म्हणजे सहा पोती धान. ते मी आत्तापासून दरवर्षी विकून बाजूला ठेवतो. यंदा दिवाळीनंतर ती पोती भरताना नात शेजारी उभी होती. मी प्रत्येक पायलीवर शीग ठेवत होतो. ती हात मागे बांधून, ठाणेदारासारखी, शेवटच्या पोत्यापर्यंत बघत राहिली.