सुभेदार आणि आबांचा फाटका ठोका

स्पीकरमधून आवाज फाटला की आमच्या बँडचे सुभेदार स्वतःचा हात उंचावून ओरडायचे, "हात वर!" मग वरात ऐन चौकात नाचत असो, की नवरदेवाचा मामा कुणाच्या खांद्यावर चढलेला असो, बँडमधल्या सगळ्यांनी वाद्यांवरचे हात काढून वर धरायचे. विट्यात एकदा एका म्हाताऱ्या पाहुण्यानेही घाबरून हात वर केले होते. आम्ही हसून लोळलो, सुभेदार हसले नाहीत. फौजेत सिग्नलला वायरलेस सांभाळून ते पेन्शनीत आले होते आणि आमच्या बँडचा आवाजही ते तेवढ्याच इमानाने सांभाळतात असं आम्हाला वाटायचं. इमान हा शब्द मी हल्ली जपून वापरते.

गाव त्यांचं लोणंदकडचं, पण सासुरवाडी आमच्या कडेगावची. मेव्हण्याच्या उसाकडे बघायला म्हणून आले आणि बँडच्या गाडीवर चढले ते पाच-सहा हंगाम उतरलेच नाहीत. मी त्या गाडीवर लॅपटॉप आणि पॅड सांभाळते. पॅडवर काठी मारली की लॅपटॉपमध्ये भरून ठेवलेला आवाज स्पीकरमधून निघतो; ढोल हवा तर ढोल, ताशा हवा तर ताशा. बँडवाली पोरगी म्हणून लोक आधी माझ्याकडे टकामका बघत. सुभेदारांनी मात्र पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "कान तयार हायत का तुजे?"

आवाज बिघडला की बाकीच्यांचा हात आधी लॅपटॉपकडे जायचा. सुभेदार तो झटकायचे. "पहले सुनो! फाटलंय कुठं ते आदी हुडका, मग शिवा." स्पीकरपासून सुरुवात करून एकेक पायरी मागे यायचं: दुसरा स्पीकर लावून बघ, वायर बदल, मिक्सरवरचा तांबडा दिवा लागतोय का बघ, आणि सगळ्यात शेवटी लॅपटॉप. तडतडणं वेगळं आणि फाटणं वेगळं, हे मला त्यांनीच शिकवलं. "तडतडला तर लॅपटॉप दमलाय, त्येला दम खाऊ दे. बफर वाढीव म्हंजी त्येला सवड मिळंल, पडद्यावरची बाकीची खिडकी-दारं बंद कर. पर फाटला म्हंजी मानूस हावरा झालाय. आवाज लय वर नेलास, खाली घे." हावऱ्या माणसांबद्दल ते फार तावातावाने बोलायचे.

माझे आबा, म्हणजे वडील, हलगी वाजवायचे. त्यांच्या हलगीशिवाय आसपासच्या कुस्त्यांच्या फडाला रंग चढत नसे. पुढे छातीने दगा दिला, चार पावलं चाललं तरी धाप लागायची. तेव्हा सुभेदारच म्हणाले, "पोरी, आबांची हलगी लॅपटॉपात भरून ठिवू." हलगीवाल्याच्या घरी पंगतीला बसणारी माणसं आमच्याकडे अजूनही मोजकीच. सुभेदार आमच्या सोप्यात मांडी घालून बसले, आईने केलेलं वांग्याचं कोरड्यास मागून घेऊन जेवले आणि मग अंगणात माईक लावला.

आबांनी पाचटाच्या जाळावर हलगी शेकली. सुभेदारांनी बजावलं, "आवं आबा, माईक नाजूक हाय, पयला ठोका हळू मारा." आबांनी मान डोलावली. पण त्यांचा एक नेम होता. हलगी शेकून ताणली की पहिला ठोका गावदेवाच्या देवळाकडे तोंड करून मारायचा, आणि तोही सगळा जीव लावून. "देवाचा ठोका मोजून मारायचा नसतो," असं ते म्हणत. त्यांनी तो तसाच मारला. माईक बिचारा दचकला असेल. पुढचे ठोके त्यांनी शहाण्यासारखे मारले. त्यानंतर आबांनी हलगी हातात घेतली नाही आणि त्या पावसाळ्यात ते गेले.

आबांचा आवाज मी पहिल्यांदा पॅडवर लावला तो कराडच्या एका लग्नात. पहिला ठोका मारला आणि स्पीकर फाटल्यासारखा करकरला. "हात वर!" सुभेदारांनी स्पीकर बदलला, वायर बदलली, मिक्सर बघितला, बफर वाढवला. करकर होतीच. मग कानाला हेडफोन लावून तो ठोका त्यांनी एकट्याने पुन्हा पुन्हा ऐकला आणि म्हणाले, "फाटलंय ते हितं न्हाई. तुमच्या अंगनात फाटलंय." आवाज भरतानाच आबांचा ठोका माईकला सोसला नव्हता. आता तो कितीही बारीक लावला तरी बारीक आवाजात फाटणारच. मी रडवेली झाले, म्हटलं, काढून टाकते. सुभेदारांनी माझा हात धरला. "काडू नगंस. ह्यो दोष न्हाई गं, ही तुज्या आबांची सही हाय. जगात दुसऱ्या कुनाकडं आसला ठोका न्हाई." त्या दिवशी हा माणूस मला सख्ख्या चुलत्यापेक्षा जवळचा वाटला. तेव्हापासून आमचा बँड उभा राहिला की आधी तो ठोका वाजायचा, आणि लोक म्हणायचे, आबा आले.

गेल्या वर्षी सुभेदार लोणंदला परत निघाले. जायच्या आदल्या दिवशी म्हणाले, "लॅपटॉप दे एकडाव, समदा साफसूफ करून जातो." मी तो दोन्ही हातांनी दिला. आईने वाटेसाठी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, बँडने फेटा बांधला, आणि मी वाकून नमस्कार केला. आज ते आठवलं की माझ्याच पाठीला कळ येते.

मग एका जत्रेत मुकाबला ठरला. आमच्याकडे दोन बँडच्या गाड्या समोरासमोर लावतात. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने गप्प ऐकायचं. समोर लोणंदचा बँड होता आणि पहिली पाळी त्यांची होती. त्यांच्या पॅडवाल्याने काठी उचलली आणि ठोका करकरत फाटला. माझे हात आपोआप वर गेले. आमच्या गाडीवर तर कुणीच वाजवत नव्हतं.

मी उतरून त्यांच्या गाडीमागे गेले. सुभेदार मिक्सरपाशी उभे होते.

"काका, ह्यो आबांचा ठोका हाय."

"आसंल," ते दिव्यांकडे बघत म्हणाले. "भावकीतली पोरं हायत. नवा बँड हाय त्यांचा. आवाजावर काय कुनाचं नाव लिवल्यालं आसतं व्हय?"

"हाय की. तुमीच मला दाखीवलं हुतं."

त्यांनी मिक्सरवरचं एक बटण जरासं फिरवलं. त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. चोर निदान नजर तरी चुकवतो. आमच्या अंगणात बसून, आमचं अन्न खाऊन, माझ्या बापाचा जीव या माणसाने भावकीत वाटला होता. त्या मुकाबल्यात मी आबांचा ठोका वाजवलाच नाही. लोकांनी म्हटलं असतं, आम्हीच त्यांची नक्कल करतोय.

या हंगामात पुन्हा तेच दोन बँड समोरासमोर आले. त्यांनी सुरुवात केली. ठोका आबांचाच होता, पण स्वच्छ होता. करकर नाही, काही नाही, तुपासारखा मऊ. कुणाही हलगीवाल्याचा असावा असा. मी ऐकत राहिले तोवर सुभेदारच आमच्या गाडीकडे आले, चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान. पेन ड्राइव्ह पुढे करून म्हणाले, "नवं सॉफ्टवेअर आलंय पोरी. काडला बग त्यो दोष. घे, तुला बी दितो. रागावलीस न्हवं, म्हनून तुज्यासाठी येगळा आनलाय."

माझ्या बापाचा ठोका, धुऊन-पुसून, मलाच दान! आणि त्यांना मनापासून वाटत होतं की आता आमचं मिटलं. मी पेन ड्राइव्हला हात लावला नाही. तो खिशात टाकून ते आपल्या गाडीपाशी गेले.

आमची पाळी आली. मी मिक्सरवरची आवाजाची पट्टी सगळी वर सारली, त्या गावच्या देवळाकडे तोंड केलं आणि आबांचा ठोका मारला. तो फाटला, पार शेवटच्या माणसापर्यंत फाटत गेला. समोर सुभेदारांचा हात सवयीने वर गेला. तो हात वर गेला की मी इतकी वर्षं पॅडवरून काठी काढत आले होते. मी दुसरा ठोका मारला.