आमच्या मेव्हण्यांचे नऊ बँड

ग्वाल्हेरात निराश होण्यासारखं पुष्कळ आहे. मे महिन्यातलं ऊन आहे, पडावच्या पुलाजवळची गर्दी आहे, उन्हाळ्यात नळाला येणारं पाणी आहे. पण यातल्या कशाचाही आधार न घेता, निव्वळ स्वतःच्या हिमतीवर निराश राहणारा माणूस या शहरात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. ती त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो. आमच्या लग्नात अक्षता पडल्यावर सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. दादांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "जावईबापू, झालं ते झालं."

स्टेशनवर उभे राहिले की ते सांगतात, गाडी येणार नाही. गाडी आली की म्हणतात, ही आपली नसेल. आपलीच निघाली तर आपल्या जागेवर कुणी तरी झोपलेलं असणार, आणि नसलं तर आग्र्याला येऊन झोपणार. आंबा हातात घेतला की तो आतून नासका असल्याची त्यांची खात्री असते. कापल्यावर चांगला निघाला तर "म्हणजे आता पेटीतले बाकीचे गेले" असं म्हणून ते तो चवीने खातात. त्यांचं हे बोलणं कुणी मनावर घेत नाही. वहिनी तर इतक्या वर्षांत नुसतं "हो ना" म्हणायला शिकल्या आहेत.

असा हा माणूस पोटासाठी काय करतो, तर मुलांना परदेशी पाठवतो. पडावला टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत त्यांचा इंग्रजीचा वर्ग आहे. बाहेरच्या देशात शिकायला किंवा नोकरीला जायचं तर इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे तिचे चार भाग. प्रत्येकाला नऊपैकी गुण, त्या गुणांना बँड म्हणतात. मुरारची, हजीऱ्याची, पार भिंड-मुरैन्याची मुलं त्यांच्याकडे येतात. पहिल्या दिवशी दादा वर्गावर नजर फिरवतात आणि सांगतात, "तुमच्यातलं कुणी पास होईल असं मला वाटत नाही." मुलं इतकी घाबरतात की जीव तोडून अभ्यास करतात आणि सात-सात बँड आणतात. मग ती पेढे घेऊन येतात. दादा पेढा तोंडात टाकतात आणि म्हणतात, "आता जाशील तिकडे. थंडी असते. सांभाळून राहा."

इंग्रजीच्या बाबतीत ते फार कडक. हजीऱ्याला एका लग्नात दारावरच्या थर्माकोलच्या पाटीत 'वेलकम'चं शेवटचं अक्षर गळालं होतं. दादांनी मांडवातल्या सजावटवाल्याकडून थर्माकोल आणि ब्लेड मागून घेतलं आणि ते अक्षर कापायला बसले. तोवर नवरदेवाची घोडी दारात आली होती, बँड वाजत होता, घोडी बिथरत होती, आणि मुलीचे वडील हात जोडून विनवत होते, "भाईसाहब, बाद में लगा लेना." दादांनी मान वर केली नाही. अक्षर डकवलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "टिकणार नाही. पण असो." गंमत म्हणजे त्यांची स्वतःची मराठी आम्हा सगळ्यांसारखीच अस्सल ग्वाल्हेरी. "मला भूक लागून राहिली आहे" असं ते बिनदिक्कत म्हणतात. पुण्याचे पाहुणे हसले तर दादा त्यांना शांतपणे सांगतात की मराठी घरची आहे, घरच्या माणसाच्या चुका काढत नाहीत.

तर या दादांच्या आयुष्यात शिवानी नावाची मुलगी आली आणि सगळं बिघडलं. मुरारच्या एका निवृत्त मराठी सुभेदारांची ही मुलगी. नर्सिंग झालेली, आयर्लंडला जायचं म्हणून वर्गात आलेली, आणि मनात येईल ते विचारणारी. दादा एकदा फळ्याजवळ उभं राहून नऊ बँडच्या उत्तराचं वर्णन करत होते. शिवानीने हात वर केला. "सर, तुमचे किती आले होते?"

दादांनी ती परीक्षा कधी दिलीच नव्हती. कुठे जायचंच नव्हतं तर देतील कशाला? पण तसं सांगणं त्यांना जमलं नाही. ते खडू ठेवून घरी आले, जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात जाहीर केलं की स्वतःला नऊपैकी नऊ मिळाल्याशिवाय आपण शिकवणार नाही.

वहिनींनी विचारलं, "आणि नाही मिळाले तर?"

"मिळणारच नाहीत."

"मग बसता कशाला परीक्षेला?"

"बसल्याशिवाय ते सिद्ध कसं होणार?"

तयारी सुरू झाली. ऐकण्या-वाचण्याची त्यांना चिंता नव्हती. बोलण्याची होती, कारण दिवसभर इंग्रजीत बोलायला ग्वाल्हेरात माणूस कुठला मिळायचा? मग ते सकाळी किल्ल्याच्या वाटेवर उभे राहून परदेशी पाहुणे गाठू लागले. एक जर्मन जोडपं सापडलं. त्यांचं इंग्रजी दादांपेक्षा कच्चं निघालं. दादांनी त्यांना घरी आणून पोहे खायला घातले आणि दुपारपर्यंत अव्ययं शिकवली. जाताना त्या बाईने वहिनींना मिठी मारली. दादा मात्र खिन्न होते. "माझ्याच दोन चुका झाल्या आज त्यांच्या नादाने," म्हणाले.

पहिल्या खेपेला निकाल लागला. ऐकण्यात नऊ, वाचण्यात नऊ, लिहिण्यात आठ, बोलण्यात सात. एकूण साडेआठ. आमच्या ओळखीत एवढे कुणालाच कधी मिळाले नव्हते. नातेवाईक तिळाच्या गजकचे डबे घेऊन भेटायला आले. दादा भिंतीला टेकून बसले होते. जो येईल त्याच्याकडे पाहून मान हलवत आणि हळूच सांगत, "बोलण्यात गेलं." थोड्या वेळाने येणारी माणसंही आवाज खाली आणून विचारू लागली, "कसं काय झालं?" कुणी तरी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. हजीऱ्याचे एक काका तर पायरीवर चपला घालताना मला म्हणाले, "वहिनींकडे लक्ष ठेवा."

दुसऱ्या खेपेला लिहिण्यात नऊ आले. बोलण्यात पुन्हा सात. आता मात्र गंमत संपली. वर्गातली मुलं वाट पाहून पाहून दुसरीकडे गेली होती. टायरच्या दुकानावरच्या खोल्या बंद, फळ्यावर धूळ. दादा दिवसभर खिडकीशी बसू लागले. 'येणार नाही, होणार नाही' हेही बोलेनासे झाले, तेव्हा वहिनी घाबरल्या. मला फोन करून म्हणाल्या, "भाऊजी, ते गप्प आहेत. आंब्यालाही काही म्हणाले नाहीत."

मी शिवानीला गाठलं. ती बिचारी आपल्यामुळे हे झालं म्हणून आधीच अर्धी झाली होती. रविवारी ती घरी आली, दादांच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "सर, आज मी एक्झामिनर. बघू तर द्या, कुठे प्रॉब्लेम येतो." परीक्षेत एक विषय देतात आणि त्यावर दोन मिनिटं बोलायचं असतं. तिने इंग्रजीत विषय दिला: तुम्हाला फार आनंद झाला असा एखादा प्रसंग सांगा.

दादा विचारात पडले. भिंतीकडे बघितलं, छताकडे बघितलं. दोन मिनिटं संपत आली तेव्हा अत्यंत निर्दोष इंग्रजीत म्हणाले की असा प्रसंग घडल्याचं खात्रीने सांगता येणार नाही.

"सर!" शिवानी ओरडलीच. "काहीही बना दीजिए ना! तुम्हीच तर शिकवलं आम्हाला. आजोबा नसले तरी आजोबा सांगा, समुद्र नसला तरी समुद्र सांगा. एक्झामिनर काय व्हेरिफाय करायला घरी येणार आहे?"

"ते तुमच्यासाठी," दादा म्हणाले. "इथे तो मला विचारतोय."

इतकी वर्षं त्यांनी शेकडो मुलांना बिनदिक्कत थापा मारायला शिकवलं होतं, आणि स्वतःला एक मारता येत नव्हती. वहिनी स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. "आपलं लग्न सांगायचं होतं," त्या म्हणाल्या.

"लग्नात लाइट गेली होती."

"मग?"

"मला वाटलं, अंधारात तू पाहिलं नसशील मला नीट. उजेड आल्यावर नको म्हणशील."

वहिनी मागे वळल्या. आत गेल्या. शिवानी माझ्याकडे बघत होती आणि मी जमिनीकडे.

तिसऱ्या खेपेला मी त्यांच्याबरोबर दिल्लीला गेलो. ते आत गेले, मी बाहेर बाकावर बसलो. परत आले तेव्हा चेहरा असा की काही विचारायची सोय नव्हती. रस्त्यापलीकडे चहा घेतला. अर्धा चहा झाल्यावर ते आपणहून बोलले.

"राहायला आवडेल असं एखादं शहर सांगा म्हणाली ती बाई."

"मग? डब्लिन सांगायचं. टोरंटो सांगायचं. पाठ आहेत तुम्हाला."

"ग्वाल्हेर सांगितलं."

"छान की!"

"छान कुठलं, जावईबापू. आधी काही सुचेना, आणि मग थांबताच येईना. सकाळच्या नाश्त्याच्या बेडई-पुरीपासून सुरू केलं. पडावचा आवाज सांगितला, टायरचा वास सांगितला, जिन्यावर मुलांच्या चपला कशा पडलेल्या असतात ते सांगितलं. बाईंनी थांबा म्हटलं. मी म्हटलं, अजून किल्ला राहिलाय." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आणि काळ चुकले सगळे. 'आहे' म्हणायचं तिथे मी 'होतं' म्हणत गेलो. वर्ग होता, मुलं होती. मला कळत होतं चुकतंय, पण तोंडातून तेच येत राहिलं."

मी चहाचे पैसे दिले. गाडीत ते खिडकीशी बसले. आग्र्याला एक माणूस आला आणि त्यांच्या सीटच्या अर्ध्या भागावर टेकला. दादांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसते सरकले.

निकाल आला. बोलण्यात साडेसहा. दादांनी तो वहिनींना दाखवला, मोबाइल उशीखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. उठत, दोन घास खात, पुन्हा पडत. डॉक्टर येऊन गेले, त्यांना काही सापडलं नाही. माझी बायको जाऊन त्यांच्या पायाशी बसली आणि रडून परत आली. इतकी वर्षं आम्ही ज्या निराशेवर हसत आलो होतो, तिच्यात तळाशी खरोखर एवढी जागा असेल, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात शिवानीचा निकाल लागला. तिला हवे होते तसे चारी भागांत सात मिळाले. ती पेढे न आणता आली. बहुधा अशा वेळी पेढे आणणं तिला बरं वाटलं नसावं. पलंगाशी उभी राहून तिने निकाल सांगितला आणि दादांच्या पायांना हात लावला.

"लिहिण्यात सात?" दादा भिंतीकडे बघतच म्हणाले. "तुला? मग तपासणाराच बरा नसेल."

"सर, माझी छोटी बहीण आहे. तिच्या चार मैत्रिणी आहेत. उद्या येतील क्लासला."

"मला नऊ आलेले नाहीत."

"सर," शिवानी म्हणाली, "नऊ हवेत कुणाला? हमारा तो सात में काम चल जाता है."

दादांनी भिंतीवरची नजर काढली. मग हळूहळू या कुशीवर वळले आणि तिच्याकडे पाहू लागले. आपल्या आयुष्यात हा प्रश्न कुणी असा सोडवला नव्हता, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. दुसऱ्या दिवशी ते पडावला गेले. पाच मुलींना आधी खोली झाडायला लावली आणि मग सांगितलं की त्यांच्यातली एकही पास होईल असं त्यांना वाटत नाही. वहिनींनी लगेच फोन करून हे मला शब्दन्‌शब्द सांगितलं.

शिवानी आयर्लंडला गेली. तिथे वृद्धांच्या एका आश्रमात तिला काम मिळालं. पहिला फोन आला तेव्हा मी दादांकडेच होतो. आपल्याकडे संध्याकाळ, तिकडे दुपार. फोनवर पोरगी ढसाढसा रडत होती. "सर, ये लोग जो बोलते हैं, एक शब्द समजत नाही. एक आजी रोज मला काही तरी विचारते, मी नुसती यस यस म्हणते. ती हसते, मला रडायला येतं."

मला वाटलं, दादा आता तिला धीर देतील. ते म्हणाले, "मलाही समजलं नसतं." तिकडचं रडणं थांबलं. मग दादांनी विचारलं, "मराठी माणूस भेटला का कुणी?"

"नाही सर."

"भेटणारही नाही," दादा म्हणाले. मग जरा थांबून, "तोवर रविवारी इथे करत जा."

तेव्हापासून रविवारी ती करते. मराठी, हिंदी, जे तोंडाला येईल त्यात बोलते. आजींना काय झालं, कुठल्या दुकानात हिरव्या मिरच्या मिळाल्या, दुपार सरते न सरते तोच अंधार कसा पडतो, सगळं. दादा हं, हं करत ऐकतात. अलीकडे मात्र फोन कमी झाले आहेत. तिला मैत्रिणी मिळाल्या असतील, आजींचं बोलणं समजू लागलं असेल, सुट्टीला बाहेर जात असेल. तरी रविवारी संध्याकाळी दादा मोबाइल समोर ठेवून, टीव्हीचा आवाज बंद करून बसतात. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हाही बसले होते. वहिनींनी दिवा लावला, चहा आणला, तो संपला. फोन काही वाजला नाही. आता हे 'येणार नाही' म्हणतील, हे मला पाठ होतं, म्हणून मी तयारीतच होतो.

दादांनी मोबाइल उचलून खिशात ठेवला.

"कामात असेल," म्हणाले.