आई समोर बसली

कारखान्यातल्या स्फोटात एका वेल्डरचे दोन्ही हात कोपरापासून गेले. तेव्हापासून आई त्याला भरवायची, आंघोळ घालायची, पण त्याच्याकडे बघायची मात्र नाही. घास तोंडात, नजर भिंतीकडे. हळूहळू तो दातांत ब्रश धरून चित्रं काढायला शिकला. आधी तांब्या काढला, मग खिडकी. एके दुपारी म्हणाला, "आई, समोर बस. तुझं चित्र काढायचंय."

"माझ्या थोबाडात काय ठेवलंय?" म्हणत ती बसली, तेही मान फिरवून.

"इकडे बघ ना."

तिने ओठ आवळले. त्याने ब्रश तोंडात धरला. आता बोलता येणार नव्हतं, म्हणून तो नुसता थांबला. मानेला रग लागली, रंग सुकायला आला, तरी तो हलला नाही. शेवटी तिने मान वळवली. तिची नजर आधी त्याच्या रिकाम्या बाह्यांवर अडली, मग चेहऱ्यावर आली. डोळे भरले, पण तिने नजर हटवली नाही. त्याने थरथरती रेघ ओढली.

संध्याकाळी कागद बघून ती म्हणाली, "मेल्या, नाक केवढं केलंयस! उद्या परत बसते. नीट बघून काढ."