ताकाचा शेकर

हिंडलग्याच्या आमच्या घरात दारूला कुणी शिवत नाही, तरी शोकेसमध्ये, अगदी मधल्या कप्प्यात, कॉकटेल हलवून मिसळायचा शेकर उभा असतो. तो माझ्या धाकट्या भावानं डिझाइन केलाय. बेंगळुरूला घरगुती बारची भांडी बनवणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला आहे.

शेकर बंदुकीच्या गोळीसारखा आहे. वर निमुळता होत गेलेला, कमरेला तीन बारीक रेघा. झाकण कुठं संपतं आणि भांडं कुठं सुरू होतं, कळत नाही. नुसता उभा असला तरी आता सुटेल असं वाटतं. मी पंचवीस वर्षं उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर काढलीत, चांगलं काम मला लांबून ओळखू येतं. म्हणूनच तो बघितला की माझ्या पोटात दुखायचं.

आमचे वडील, आप्पा, त्यात ताक करायचे. ताक, मीठ, कोथिंबीर, बर्फाचे खडे. पाहुण्यांसमोर खळाखळा हलवत सांगायचे, "आमच्या धाकट्यानं काढलंय ह्ये."

एकदा निपाणीच्या पाहुण्यांनी विचारलं, "आणि थोरला काय करतोय?"

"त्यो व्हय? लेथवर असतोय."

मी केलेले भाग पंपांच्या पोटात जातात. ते शोकेसमध्ये कोण ठेवणार?

एका रविवारी दुपारी झाकण अडकलं. आप्पांनी ओढलं, पिरगाळलं, शेवटी शेकर माझ्या हातात दिला. "बघ रं, तुला जमतंय काय."

कारण मला लगेच कळलं. बर्फाच्या गारठ्यानं झाकण आकसून घट्ट बसलं होतं. वरून कोमट पाणी ओतलं की सुटलं असतं. मी दोनदा खोटाच जोर लावला आणि म्हणालो, "डिझाइनच चुकलंय, आप्पा. दिसायला झ्याक, कामाला न्हाय."

आप्पांचं तोंड उतरलं. मला खरंच बरं वाटलं.

त्यांनी तिथल्या तिथं भावाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मी म्हणालो ते जसंच्या तसं सांगितलं. आता तो भडकणार म्हणून मी तयारीत बसलो.

पण तो म्हणाला, "बरोबर हाय अण्णाचं. जोड दिसू नये म्हणून मीच झाकण लई घट्ट ठेवलं. अण्णा, तू केलं असतंस तर कसं केलं असतंस?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी आत गेलो, कोमट पाणी आणलं, झाकणावर ओतलं. ते हलकेच सुटलं. "मला मघाशीच उघडता येत होतं," मी आप्पांकडं न बघता म्हणालो.

"ठाऊक हाय मला," आप्पा म्हणाले. "तुला न उघडणारं झाकण कुठलं?"

माझा चेहरा तापला. मग फोनवर भावाला मी सांगितलं, की झाकणाला आतून जरासा उतार दे, बाहेरचा आकार तसाच राहील. दुसऱ्या दिवशी शेकर कारखान्यात नेऊन मोजला आणि आकडेही कळवले.

काही महिन्यांनी भाऊ नवा शेकर घेऊन घरी आला. बर्फ घालून हलवला तरी झाकण अंगठ्यानं निघतं. उतार अण्णाचा, असं भावानं सगळ्यांसमोर सांगितलं. मी मात्र त्या झाकणावरून बोट फिरवत होतो. जोड अजूनही बोटाला लागत नव्हता. उतार माझा होता, पण असा आकार मला सुचला नसता, आणि ते मला अजून सोसत नाही.